दुपारी घर कलतं

वडगावात हज्जेंच्या गच्चीवर खांब रोवूलालोय.
चार बोल्ट, खाली रबराची जाड चकती,
कारण तळमजल्यावर सहा माग,
आणि घराला दिवसभर बारीक हुडहुडी.
मधल्या मजल्यावर भाड्याची रक्ततपासणी.
समोर शहापुरात, साडेसातशे मीटरवर,
दवाखान्याच्या कठड्याशी बसलिंग. नखाएवढा.

रस्ता खणायचा कागद तीन कचेऱ्यांत फिरतोय,
म्हणून उजेडच पाठवायचा, वरून,
डोळ्यांना न दिसणारा.
मोबाइलच्या कॅमेऱ्यात तेवढा उमटतो,
फिकट जांभळा ठिपका.

"स्वल्प एडक्के," फोनवर बसलिंग.
डावीकडं. पण कुणाच्या?
तोंडं समोरासमोर, त्याचं डावं ते माझं उजवं;
सहा वर्षं झाली, अजून विचारावं लागतं.
पाव फेरा. त्याच्या निम्मा.
आकडा चढला, थांबला.
"बंतु!" तिकडून. "आलं!" इकडून.
मग डबा उघडला.

बाराला आकडा घसरला.
काच पुसली, बोल्ट आवळले,
बसलिंगला उगाच दोन शब्द बोललो.
ईरव्वा जिन्यात उभ्या, खांद्यावर ओल्या साड्या.
"काय शोधूलास रे?"
सांगितलं.
"दुपारी घर कलतंय की बा.
उन्हाची बाजू फुगते. तीस वर्षं बघूलाले,
ती खिडकी बाराला अडकते,
दिवा लावायला आपसूक लागते."

मी भिंतीला हात लावला. तापलेली.
आमच्या पुस्तकात हे एका ओळीत होतं,
वाचलं होतं, पाठही होतं.

"मग काय करू?"
"ताणा लई ताणला की तुटतोय. जरा सैल सोड."
भिंग अर्धा फेरा मागं घेतलं.
किरण पसरला, समोर पोचेपर्यंत
परातीएवढा झाला असेल;
आता घर कललं तरी बसलिंग त्यातच.

तीनला कुणाच्या तरी रक्तातली साखर
कौलांवरून, कावळ्यांवरून,
पिंपळाच्या शेंड्याला न लागता
शहापुरात पोचली.
धुक्याच्या सकाळी काय होईल, ते धुक्यात बघू.

ईरव्वा अजून तिथंच, साड्या ठिबकूलाल्यात.
"ह्या कुठं घालू आता?"
मी खांब बघितला, दोरी बघितली, त्यांची उंची बघितली.
मी बोलायच्या आत
त्यांनी दोरीची गाठ सोडली
आणि वीतभर खाली बांधली.