स्मरणिकेसाठी फोटो

पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार आहे.
गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर आजोबा,
मल्लाप्पा घुणके, फेटा, डोळे किंचित बारीक,
जणू कॅमेऱ्यामागे कुणी भट्टीचं दार उघडं टाकलंय.
'इतिहास तू लिही,' बाबा म्हणाले,
'तुझं मराठी बरं आहे.'

लिहिलं:
उद्यमनगरात दहा बाय बाराचा गाळा,
एक जुना लेथ, त्याचे पैसे तीन वर्षं फेडले.
आजीच्या पाटल्या गेल्या भट्टीच्या विटांत.
पहिलं काम ऑइल इंजिनाचं फ्लायव्हील.
दोनदा फसलं. तिसऱ्यांदा
आजोबांनी त्यावर हातोडी टिचकवली, कान दिला
आणि म्हणाले, 'गातंय.'
आमच्याकडे ही गोष्ट प्रत्येक बारशाला सांगतात.

कोअरच्या वाळूत तेव्हा काकवी कालवायचे.
गुऱ्हाळावरून डबे यायचे,
रस ओतला की सगळा गाळा गोड जळायचा.
हेही लिहिलं. हे बाबांना आवडलं.

मग शिरोलीचा प्लॉट, दुसरी भट्टी, विजेची,
जर्मनीला जाणारे ब्रॅकेट, फ्रेममधली सर्टिफिकेटं.
वाळूचा हिशेब मात्र कुठल्याच वहीत नाही.
महिन्याला किती ट्रॉल्या, कुठल्या ओढ्याला,
ते ट्रॅक्टरवाल्या सिदगोंडाला ठाऊक,
आणि तो रात्रीच जायचा.

पुराच्या साली पंचगंगा आत आली, कमरेएवढी.
उतरली तेव्हा आजोबांच्या खुर्चीवर
काळ्या वाळूचा थर.
वॉचमन म्हणाला, 'आपलीच हाय की, आक्का.
वळखली न्हाई?'
हे वाक्य मी तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं.
बाबांनी शेजारी पेन्सिलीनं
एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं.

जुन्या कामगारांच्या फोटोंना एक पान ठेवलं होतं.
निरोप धाडले.
कुणी लग्नातला आणला, कुणी तालमीतला, लंगोटावरचा.
दस्तगीर नदाफ, मोल्डर, एकतीस वर्षं,
त्यांची सून मेहरून आली
काखेत भलंमोठं पाकीट धरून.
'फोटो मागितला म्हनं. मामांचा ह्योच हाय घरात,
सीपीआरमधला.'

छातीचा फोटो.

ती साधेपणानं म्हणाली की कसं,
मला अजून कळलेलं नाही.
चहा घेतला नाही तिनं.

खिडकीच्या काचेला लावून बघितला.
दोन्ही बाजूंना बारीक पांढरे कण,
चाळणीतून पडावेत तसे.
कास्टिंगमध्ये एवढी वाळू सापडली असती
तर लाल रंगाचा पट्टा मारून
पुन्हा वितळवायला धाडलं असतं आम्ही.

हजेरीचं जुनं बुक काढलं. आजोबांचं टपोरं अक्षर:
हजर, हजर, रजा, हजर.
शेऱ्याच्या रकान्यात त्या अख्ख्या वर्षात एकच ओळ:
'नदाफ, खोकला. गूळ दिला.'

आजोबा वाईट नव्हते.
हे मी कुणाला सांगतेय?
गूळ चांगला होता, कागलकडचा, सणालाही तोच यायचा.
मास्कचा खोका स्टोअरमध्ये होता,
कपाटाला कुलूप होतं,
आणि किल्लीचा जुडगा
आजही बाबांच्या कमरेला वाजतो.

प्रेसवाला फोनवर विचारतोय,
ताई, पान चौदा असं काळंच ठेवायचं का,
की वर जाहिरात घेऊ.

बाबांनी फोटो हातात घेतला.
मला वाटलं, पाकिटात घालून ठेवतील.
सवयीनं त्यांनी
नखानं त्याच्यावर टिचकी मारली
आणि मान कलती करून उभे राहिले.
भोंगा झाला, पहिली पाळी सुटली,
सायकली, मोटारसायकली गेटाबाहेर पडल्या,
ते तसेच उभे,
कान देऊन.