सहावं पत्र

ब्रिन नोवाकोव्स्की दारात येऊन उभी राहिली
तेव्हा मी बीकर मोजत होते. सेमिस्टर संपलं की
तीस असायला हवेत, भरतात सव्वीस.
म्हणाली, प्रोफेसर, तुमचं पत्र आता नाही लागणार.
काउन्सेलर म्हणतात पाच पुरे.
दोन विज्ञानवाल्यांची, एक इतिहासाच्या बाईंचं,
एक त्या डॉक्टरांचं, ज्यांच्यामागे ती उन्हाळाभर
वही घेऊन फिरली,
आणि एक चर्चच्या अन्नछत्रातलं.
सहावं दिलं तर म्हणे वाचणाऱ्याला वाटतं
या मुलीला निवडता येत नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं.

मी प्रोफेसर नाही. लॅबची इन्स्ट्रक्टर,
टोलेडोत, अठ्ठावीस वर्षं.
हे तिला कधी सांगितलं नाही,
आणि पत्र लिहून झालंय हेही नाही सांगितलं.
तसंही तिला ते वाचता आलं नसतं.
इथे आधीच सही करून द्यावी लागते, की
माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मी विचारणार नाही.

आमच्या शाळेच्या दाखल्यावर एक रकाना असायचा: वर्तणूक.
पुढे: चांगली.
सगळ्यांचीच चांगली.
बाक जाळणाऱ्या भास्कर तांडेलचीसुद्धा.

आणि शिफारस हा शब्द
आमच्या घरी दार लावून उच्चारायचे.
मला मेडिकलला दोन मार्क कमी पडले,
तेव्हा कुणीतरी अण्णांना आमदाराची चिठ्ठी मिळवून दिली.
अण्णा ती खिशात घेऊन मिरजेला गेले,
कॉलेजच्या फाटकासमोर दोनदा चहा प्यायले,
आणि परत आले.
सोमवारी आईनं शर्ट भिजवला. खिशातून लगदा निघाला.
कुणी काही बोललं नाही. मी बीएस्सीला गेले.
यात फार मोठं तत्त्व होतं असं मला वाटत नाही.
अण्णा लाजाळू होते.

ब्रिन हुशार आहे, मेहनती आहे,
हे मी पत्रात लिहिलं नाही. ते बाकीचे पाच लिहितील.
मी फेब्रुवारीतला एक गुरुवार लिहिला.
बाहेर मॉमी नदी गोठलेली, आत ॲस्पिरिन बनवणं चाललेलं.
सगळ्यांचं उत्पादन अठ्ठ्याहत्तर ते पंच्याऐंशी टक्के,
आकडे टेबलाटेबलांवरून फिरले की येतं तसं.
ब्रिनच्या वहीत: एकशे चार.

जेवढं निघू शकतं त्याहून जास्त.
असं होत नसतं, तिला ठाऊक होतं.
तिनं खोडलं नाही. खाली लिहिलं,
नमुना ओला आहे, वाळवून पुन्हा वजन करीन.
शुक्रवारी गाडी सुरू होईना, तर दोन बस बदलून आली.
त्रेसष्ट टक्के. वर्गात सगळ्यांत कमी.
तेही लिहिलं. शाईनं.

उद्या कुणाच्या पोटावर हात ठेवून
'मला नक्की कळत नाहीये, थांबा, पुन्हा बघते'
असं म्हणणारी डॉक्टर हवी असेल
तर हिला घ्या.
एवढंच पत्र. पाऊण पान.

जायच्या आधी तिनं माझे बीकर मोजून दिले.
सत्तावीस निघाले, एक सिंकमागे होता.
मग ती गेली. जीपच्या कारखान्याची पाळी सुटली,
खिडकीवरून बराच वेळ दिवे सरकत राहिले.

पुसून टाकायचं म्हणून मी फाइल उघडली.
एक स्वल्पविराम काढला.
पुन्हा घातला.

मापाबाहेर निघालं तर घाबरू नका, काहीतरी अजून ओलं आहे,
दरवर्षी नव्या वर्गाला मी हेच सांगते.
फाइल बंद केली. असू दे तिथेच.
उद्या बघू,
वाळलं तर.