पहिल्या गुणापर्यंत

आमच्या कॉलेजात रीत आहे:
आपला पहिला गुण होईपर्यंत कुणी बसायचं नाही.
कुणी घालून दिली, ठाऊक नाही.
नेब्रास्कात इतक्या माणसांना एका वेळी उभं करणारं
दुसरं काही नाही, चर्चमधली प्रार्थना सोडली तर,
आणि तिथेही मागचे दोन बाक बसूनच असतात.

मी मात्र बसलेलो.
गुणफलकाच्या टेबलाला ओरडायला बंदी,
टाळीलासुद्धा.
एकोणीस मोसम घसा कोरडा,
सगळा आरडाओरडा अंगठ्यात साठलेला.

पाहुण्या मुलींची नावं पुकारली
तेव्हा पोरांनी पाठ फिरवून वर्तमानपत्रं उघडली.
गेल्या आठवड्याची. मक्याच्या भावाचं पान वर.
एकानं तर उलटंच धरलेलं,
आणि तोच सगळ्यात गंभीर.

मग शून्य–एक. शून्य–दोन.
शून्य–चारपर्यंत बूट फळ्या बडवत होते,
ती गडगड खालून येते
आणि माझ्या कपातल्या कॉफीवर वलयं उठतात.
शून्य–सहाला कॉफी स्थिर.
शून्य–आठला नऊशे माणसं नुसती उभी,
शेवटची बस गेल्याचं अजून कुणी सांगितलं नसल्यासारखी.

तिसऱ्या रांगेत डार्लीन कुचेरा, वय चौऱ्याऐंशी,
वॉकरला धरून.
शेजारच्या, अंग निळं रंगवलेल्या पोरानं
वाकून काहीतरी विचारलं.
तिचं उत्तर मला ओठांवरून कळलं:
"तू बस."
आता तो कसा बसणार.

शून्य–दहा. टाइमआउट.
बँडनं काहीतरी सुरू केलं, अर्ध्यात सोडलं,
ट्यूबा तेवढा दोन सूर एकटाच पुढे गेला
आणि ओशाळला.

गुण आला तो असा:
त्यांच्या मुलीची सर्व्हिस जाळीत.
ना स्मॅश, ना झेप.
चेंडू जाळीवरून मांजरासारखा खाली उतरला
आणि त्यांच्याच बाजूला पडून राहिला.

नऊशे ढुंगणं एकदम बाकांवर!
धान्याच्या कोठाराची झडप उघडावी तसा आवाज,
मागोमाग हशा, मग आरोळी,
आणि त्याखाली, नीट ऐकलं तर,
गुडघ्यांचा एक लांब सुस्कारा.
मी बटण दाबलं.
जरा जास्तच दाबलं असणार,
फलकावर दोन आले.
पंचानं वळून पाहिलं.
एक केला.

सेट गेला, पंचवीस–नऊ.
बाजू बदलल्या. कुणीतरी फरशी पुसली.
डार्लीनबाईंनी वॉकर पुन्हा पुढे ओढला,
कारण रीत प्रत्येक सेटला नव्यानं लागू होते,
आणि निळा पोरगा, रंग आता घामानं मानेवर उतरलेला,
तिच्याआधी उठायला गेला
तर तिनं त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं,
आधी स्वतः उभी राहिली.

शून्य–शून्य.
सर्व्हिस आमची.
माझ्या बटणावरचा आकडा केव्हाच पुसला गेलाय.