दाता क्रमांक एकतीस

नाव विचारायचं नसतं.
नळीवर आकडा, तारीख, वेळ. बस.
तरी दंडाला पट्टा बांधताना मी चुकून
"मूठ आवळा" म्हणाले मराठीत,
आणि मूठ आवळली गेली.

"मिरजंकडच्या काय ओ तुमी?"
मान न वळवता म्हणाला. सुईकडं बघवत नव्हतं,
बत्तिसाव्या मजल्याच्या परांचीवर उभं राहणाऱ्याला.
जत तालुका. मायाप्पा.
मी ऐकलं नाही असं केलं,
नळी आठ वेळा उलटीसुलटी केली, सावकाश.

बाहेर फहाहीलमध्ये एकोणपन्नास अंश.
खिडकीच्या काचेला बोट लावता येत नाही.
उन्हात राबणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी काय करतात
ते आम्ही शोधतोय,
ऊन मात्र आत घेत नाही.

फायकॉलवर रक्त सोडायचं.
नळी कलती, पिपेटचं टोक तिच्या अंगाला टेकवून,
भांडलेल्या दोन भावक्यांनी एका ओसरीवर बसावं तसं:
टेकायचं, पण मिसळायचं नाही.
डॉक्टर नेव्हीन पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या,
सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद ठेव.
घाईनं थांबवलंस तर थर मोडतात.
वीस मिनिटं फिरणं, मग नुसतं थांबत राहणं.
मला इथं नऊ वर्षं झाली.
फिरणं कधी संपलं आठवत नाही,
थांबणं चालू आहे.

तळाशी तांबडं, वर पिवळं पाणी,
आणि मध्ये ते धुरकट कडं,
दूध तापवलेल्या पातेल्याला राहतं तसं.
तेवढंच हवं असतं.
बाकीचं, ज्याच्या जिवावर माणूस परांची चढतो,
ते पिवळ्या पिशवीत जातं.

मग ट्रिपॅन ब्लू.
मेलेल्या पेशी रंग आत घेतात, निळ्या पडतात.
जिवंत त्याला दारातूनच परत लावतात.
चौकटीच्या डाव्या नि वरच्या रेघेवरच्या मोजायच्या,
उजव्या नि खालच्या सोडायच्या.
सीमेवर कोण कुणाचं, ते रेघेवरून ठरतं;
जतच्या माणसाला हे मी काय सांगू.

अर्लीन सायटोमीटर सुरू करते.
एकेक पेशी लेझरपुढं येते, रांगेत,
उजेडात ओळख पटवते आणि जाते.
या नवख्या. या जुन्या, आठवण असलेल्या.

क्षयाच्या जंतूंचं प्रथिन दिलं त्यांना,
आणि सहा दिवस उबेत ठेवलं.
पडद्यावर टेकाडामागं टेकाड:
एकीच्या दोन, दोनाच्या चार,
दर खेपेला आतला रंग निम्मा,
भावाभावांत रान वाटत जावं तसा.
ओळखलं होतं त्यांनी.
पाळण्यातल्या पोराच्या डाव्या दंडावर
कुणा नर्सबाईनं टोचलेलं.
मायाप्पाला आठवत नसेल. त्यांना आठवतं.

उरलेल्या दोन कुप्यांत.
मिनिटाला एक अंश, असं गारठवत न्यायचं,
मग द्रव नायट्रोजनच्या टाकीत.

फेब्रुवारीत त्याचं कंत्राट संपलं म्हणे.
बसमधल्या दुसऱ्या कुणी सांगितलं, मी विचारलं नव्हतं.
मायाप्पा गेला.
एकतीस आहे,
तिसऱ्या टाकीत, चौथ्या खणात, इकाम्याशिवाय.

काल एक कुपी बाहेर काढली.
गोठवताना जेवढा दम, वितळवताना तेवढी घाई:
सदतीस अंशाच्या पाण्यात हलवत राहायचं
बर्फाचा शेवटचा खडा उरेपर्यंत.
मोजलं. शंभरात एक्क्याण्णव
दार लावून बसलेल्या.

वहीत आकडा लिहिला,
आणि त्याच्यापुढं, का कोण जाणे, "हाइत".
मग खोडलं.
प्रयोगवहीत गिरगटायचं नसतं.
एकच आडवी रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे,
आणि बाजूला आपली सही, तारीख.