श्वास धरून ठेवा

बावीस वर्षं मी हेच बोलत आलोय:
श्वास घ्या. धरा. सोडा.
मधल्या शब्दावर बटण दाबायचं.
मालवणात, रुग्णालयाच्या मागल्या खोलीत,
माडावरून पडलेल्यांचे मणके,
विड्या ओढून जाळीदार झालेल्या छात्या.
खोकत का होईना, सगळ्यांनी धरला.

त्या एप्रिलात मशीन ढकलत वॉर्डात नेलं.
प्लास्टिकच्या पोशाखात घाम बुटात उतरायचा.
पहिल्या खाटेवर विश्राम तारी, मांडी घालून,
फोनवर खलाशाला डिझेलचा हिशेब सांगत.
बोटावरच्या चिमट्यात अडुसष्ट.
शिरवलकर सिस्टरनी चिमटा बदलला. अडुसष्ट.
मग स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव.
"माका काय्येक जावक नाय," विश्राम म्हणाला,
"जरा अंग मोडान इला."
हा माणूस खडकांत बुडी मारून कालवं काढायचा,
वर येईपर्यंत पोरं शंभर मोजायची.
मी म्हटलं, धरा.
दोनावर सुटला.

फोटोत दोन्ही बाजूंना, खालच्या कडांना,
धुरकट ठिपके.
डॉक्टर म्हणाल्या, ग्राउंड ग्लास. घासलेली काच.
ती मला ठाऊक होती.
दांडीच्या वाळूत वेचायचो आम्ही लहानपणी,
सोड्याच्या बाटल्यांचे तुकडे,
लाटांनी घासून आंधळे केलेले.
डोळ्याला लावले की होड्या दिसायच्या,
होड्यांवरची नावं नाही.

लिलावती कोयंडेला ताप नव्हता, खोकला नव्हता.
जुलाब होते, आणि वास गेला होता.
चाळीस वर्षं सुका बोंबील नाकाला लावून
भाव ठरवणारी बाई
शेजारणीला विचारायची,
"फिनेल मारल्यांनी काय गो? कसलो वास येता, सांग."
पुढे बाजारात भेटली. म्हणाली, वास इलो परत,
पण सुरंगीचो वळेसार करपलेलो येता.

इनास डिसोझाला साखर कधीच नव्हती.
सुजेवरच्या औषधाच्या पाचव्या दिवशी चारशे दहा.
तो हसला. म्हणाला, बेकरीत जन्म गेला,
आता कुठे पाव फुगला.
आठवड्याने त्याचा एक डोळा सुजला
आणि त्याला गोव्याला नेलं.
त्यानंतरचं मला माहीत नाही.

हर्षद मयेकर घरी निघाला होता.
तीस वर्षांचा. कागद हातात, ताप उतरलेला,
गेटजवळ रिक्षा बघत उभा.
सकाळी म्हणाला होता, पोटरी दुखते.
आम्हाला वाटलं, झोपून झोपून.
रक्ताची गाठ पोटरीतून निघाली
आणि रिक्षाच्या आधी पोचली.

सातव्या रात्री विश्राम
ऑक्सिजनची नळी हातावर हात टाकत ओढू लागला.
"जाळा जड झाला हा! वडा रे, वडा!"
दोघं वॉर्डबॉय धावले, त्याला आवरेना.
सिस्टर त्याच्या कानाशी वाकल्या.
"आजून भरती आसा, तांडेलांनू. सुकती लागांदे."
त्याने दोर सोडला.

मग सगळ्यांना पालथं घातलं,
पावसाआधी किनाऱ्यावर होड्या घालतात तसं.
नुसत्या पाठी. कुणाचं नाव कुठलं,
पायाच्या चिकटपट्टीवरून ओळखायचं.
लघवीच्या पिशवीत
तळाला चहाइतकं काहीतरी.
डॉक्टर म्हणाल्या, आता किडन्या.

शेवटच्या फोटोला विश्रामच्या घशात नळी होती.
सवयीने मी म्हणालो, श्वास घ्या. धरा.
व्हेंटिलेटरने घेतला,
त्यानेच क्षणभर धरला.
मी बटण दाबलं.
सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.
फोटोत सगळं पांढरं,
हृदय कुठे संपतं ते कळेना.

आता पुन्हा मागची खोली. पुन्हा मणके, बरगड्या.
काचेपलीकडे कुणी छाती टेकून उभा राहतो.
मी म्हणतो, घ्या. म्हणतो, धरा.
बटण दाबून होतं,
आणि मी मोजतच राहतो,
माझाही अडकलेला,
तिसरा शब्द तोंडाशी येत नाही.
पलीकडून गुदमरलेला आवाज येतो,
"ओ भाऊ, सोडू काय?"