चौथं चित्र

उन्हाळ्यापुरती तंबूत भरलेली बालवाडी, गोबीच्या कडेला.
सात मुलं, एक शेगडी,
आणि उलानबातरहून चित्रांची चळत घेऊन आलेली मी.

मार्मोट. "तार्वाग!" सगळी एका दमात;
दाग्वानं तर त्याची शिट्टीही वाजवून दाखवली.
रानगाढव. "खुलान!"
काळवीट नव्हे, तसंच काहीसं: "झेर, झेर!"

चौथं चित्र वर धरलं.
तंबू चिडीचूप.
शेगडीतली गोवरी तेवढी तडकली.
"येत नाही?"
येत होतं. सोलोंगोनं धाकट्याच्या तोंडावर
हात दाबून धरला होता.

मग दारापाशी कुणीतरी, पुटपुटत:
"बाई, बाहेर कोकरं आहेत."

मी चित्र पालथं घातलं.
"बरं. घरी काय म्हणता मग?"
"आभाळाचा कुत्रा."
"शेपटीवाला."
"तो."

अहवालाच्या रकान्यात लिहिलं:
ओळखता येणारे प्राणी, तीन.

रात्री टेकडीमागून लांबलचक हेल आला.
कुत्री भुंकायची थांबली.
मी, प्राणिशास्त्राची पदवीधर,
पांघरूण नाकापर्यंत ओढून
चळतीतलं ते पालथं चित्र
अंधारात चाचपून पाहिलं,
पालथंच आहे ना.