खोडाच्या पलीकडे

चानी मारायची तर माणसं दोन लागतात.
एकट्याला फक्त खोड दिसतं.

हे मला इनासनं शिकवलं, मोचेमाडच्या काजूत,
शाळा सकाळची झाल्यावर.
तू इकडे आलास की ती तिकडे,
तू तिकडे गेलास की ती इकडे,
मध्ये कायम झाड.
म्हणून एकानं गलोल ताणून बसायचं
आणि दुसऱ्यानं लांबून वळसा घालून
पाचोळ्यात मुद्दाम पाय आपटत यायचं.
ती त्याला चुकवायला सरकते
आणि बसलेल्याच्या डोळ्यांपुढे येते,
शेपटीसकट, पोटातल्या धापेसकट.

गलोल पेरूच्या बेचक्याची.
रबर सायकलच्या जुन्या ट्यूबचं, पंक्चरच्या ठिगळासह.
चामडं त्याच्या बापाच्या बुटाची जीभ.
आणि दगड नाहीत, गोळ्या:
व्हाळाकाठची चिकण माती बोराएवढी वळून
त्याच्या आईच्या चुलीत, पेजेच्या मडक्याखाली भाजलेल्या.
खिशात त्या एकमेकींवर वाजायच्या.
निम्मी शिकार त्या आवाजातच होती.

बाकीची बसण्यात.
बोंडांचा आंबूस वास, मांडीवर चढणारे हुमले,
खाली उतरणीपलीकडे समुद्र,
कुणी सावकाश सूप पाखडावं तसा.
"गप रव," इनास म्हणायचा,
मी गपच असताना.

आत्येनं दटावलं, रामानं हात फिरवलाय रे तिच्यावर.
इनास म्हणाला, "फिरवल्यान तो पाठीर.
मी पोटार मारतंय."

सगळ्या सुट्ट्या मिळून चान्या पडल्या तीन.
त्याच्या दोन, माझी एक.
त्याच्या दोनांतली एक घाबरून पडली असणार,
असं माझं मत अजून आहे.
माझी हातात घेतली तेव्हा गरम होती,
रायवळ आंब्याहून हलकी.
पाठीवरच्या पट्ट्यांवर मी माझी तीन बोटं ठेवून पाहिली.
बसली.
मग हात चड्डीला पुसला.

काजूच्या पाल्यावर भाजल्यावर उरते ती कितीशी,
दोघांत चार घास, मीठ,
आणि इनासच्या खिशातलं एक सोल, धाग्यादोऱ्यांसकट.

पण खरं सांगायचं तर मला वळशाची पाळी आवडायची.
खोडापलीकडे रबर ताणलेलं आहे,
त्याचं तोंड साधारण माझ्याच दिशेला आहे,
आणि धरणारा दिसत नाही,
हे ठाऊक असून पाय आपटत चालायचं.
तसं नंतर कुणाकडे चालत गेलो नाही.
लग्नाच्या मांडवातसुद्धा नाही.

इनास आता जहाजावर कुक आहे.
कुठल्या समुद्रात, ते त्याच्या बहिणीला, कोन्सूला,
नीट सांगता येत नाही.
काजू मी खंडानं घेतलाय.
गडी म्हणतो, चान्यांनी बोंडं ठेवली नाहीत, काहीतरी करा.

आज सकाळी एक दिसली.
मी उजवीकडून गेलो, ती डावीकडे.
तीन फेऱ्या झाल्या. गुडघा बोलायला लागला.
मग शर्ट काढला,
पलीकडच्या करवंदीच्या जाळीवर टांगला,
आणि अलीकडे येऊन उघडाच बसलो.
वारा यायला वेळ लागला.
बाही हलली.

ती आली.
खोडाला चिकटून, डोकं खाली,
एवढ्या जवळ की मिशा मोजाव्यात.
हातात माझ्या काही नव्हतं,
एक काजूची बी होती, उगाच उचललेली.
"गप रव," मी म्हटलं.
ती गपच होती.

मग वाडीत कुठेतरी मिक्सर सुरू झाला आणि ती गेली.
शर्ट घातला तेव्हा कळलं,
आत हुमले शिरलेत.